परिचय, चार ओळींत

भाताची मळणी आटोपली की आमच्या बेळगाव भागात साहित्य संमेलनांची सुगी सुरू होते. कडोली, उचगाव, येळ्ळूर... आज या गावाचं, पुढच्या रविवारी त्या गावाचं. सकाळी ग्रंथदिंडी, दुपारी जेवण, आणि जेवणानंतर अर्धा मांडव पेंगत असताना कविसंमेलन. त्यात माझी दोन मिनिटं.

यंदा संयोजकांचा फोन आला. ‘‘सर, चार ओळींत परिचय पाठवा की. लेखनाची आवड कधीपासून, ते पण लिवा.’’

तीन ओळी झाल्या. नाव, गाव आणि छापून आलेल्या कविता (त्यात पतसंस्थेच्या अहवालातली एक घुसवली). चौथ्या ओळीला घोडं अडलं. सगळेच ‘बालपणापासून’ लिहितात. मीही लिहिलं आणि लगेच खोडलं, कारण घरच्या इतिहासाप्रमाणे बालपणी मला कंडक्टर व्हायचं होतं. आजीचा अडकित्ता घेऊन मी गल्लीतल्या प्रत्येकाला तिकीट फाडून देत असे, हे आई अजून पाहुण्यांना सांगते.

पुरावा शोधायला माळ्यावर चढलो.

‘‘अहो, चढलाच आहात तर रद्दी टाका खाली. तो दारात उभारलाय,’’ खालून बायको.

जुनी मासिकं, लग्नपत्रिका, एक पाय नसलेला पाट. त्याखाली सहावीतली कानडीची दोनशे पानी वही. पुढून कागुणिता, म्हणजे कानडी बाराखडी, पानंच्या पानं. खाली भिरकावणार तोच ती उलटी झाली. मागून मराठी! ‘राजहंसगडाचे रहस्य’. लेखक : मी. किंमत : पाच रुपये. आवृत्ती : दुसरी. पहिली बहुधा हातोहात खपली असावी.

तिथंच कोळिष्टकांत बसून वाचायला लागलो. नायक विजय, पुण्याचा गुप्तहेर. मी तेव्हा पुणं पाहिलेलं नव्हतं, त्यामुळं तो पहिल्याच पानावर बेळगाव स्टेशनात उतरतो आणि पुढची तीन पानं नुसता कुंदा खातो. चोरालासुद्धा तो ‘आपण कुठे चाललात?’ असं रेडिओवरच्यासारखं विचारतो. चोर म्हणतो, ‘‘तुला काय करायचंय बे?’’ विजयची बहीण पक्की पुणेकर, पण बोलताना ‘मी येतो, मी जातो’. बायकांनी याहून वेगळं बोलायचं असतं हे आमच्या गल्लीत कुणाला ठाऊकच नव्हतं.

साहित्य आणि सीमा यांची गाठ आम्हांला नवी नाही. १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनातच संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला होता. पण माझ्या वहीत सीमाप्रश्न उलट्या बाजूनं पेटला होता. कानडी रोज एक पान सक्तीचं, कादंबरी सुचेल तेव्हा. कागुणिता सरकत सरकत मधोमध आली आणि कुठलाही आयोग न नेमता विजयची जागा संपली. बिचारा गडावरच्या भुयारात शिरलेला. शेवटची ओळ : ‘तेवढ्यात टॉर्च विझली.’

त्या ओळीखाली लाल शाई दिसली आणि पोटात पुन्हा तोच गोळा आला.

कानडीचे मास्तर गोकाककडचे. त्यांना मराठी कळत नाही अशी आमची खात्री, म्हणून त्यांच्यादेखत आम्ही त्यांच्या नकला करायचो. तपासायला दिलेली वही त्यांनी उलटी केली असणार. खाली कानडीत दोनच शब्द होते. तेव्हा मला जेमतेम अक्षरं जुळवता येत. लाल शाई म्हणजे शिवी, एवढंच कळलं. दप्तर न उघडता दोन दिवस तापाचं सोंग केलं, वही पाटाखाली दडवली आणि पुन्हा कादंबरीच्या वाटेला गेलो नाही. कवितांचं काय, त्या सुट्या कागदावर मावतात.

आता तीस वर्षं कानडी अर्ज भरून भरून डोळे तयार झालेत. चष्मा पुसून वाचलं.

‘मुंदे एनायितु?’

पुढे काय झालं?

माझ्या अख्ख्या साहित्यिक कारकिर्दीत हा प्रश्न मला दुसऱ्या कुणीही विचारलेला नाही.

‘‘अहो, रद्दीवाला गेला की! काय करूलालाय तिथं एवढा वेळ?’’

मी शिडीवरून डोकं खाली काढलं.

‘‘टॉर्चचे सेल आहेत का गं घरात?’’