रिकोव्हर यांनी अणुपाणबुडी 'शोधली' नाही

अमेरिकी नौदलातले अॅडमिरल हायमन रिकोव्हर यांच्याविषयीचा एक मजकूर सध्या व्हॉट्सअॅपवर फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: या माणसाने एकट्याने अणुपाणबुडीचा शोध लावला, ज्यू म्हणून नौदलाने त्याला हाकललं, त्याच्या हाताखालची एकही पाणबुडी कधी बुडाली नाही, आणि शेवटी पश्चात्ताप होऊन त्याने अणुऊर्जाच नाकारली. पाठवणाऱ्यांना रिकोव्हर यांच्याबद्दल आदर आहे, तो मलाही आहे. म्हणूनच हे लिहितो आहे. या मजकुरात त्यांचं खरं काम कुठेच दिसत नाही.

'एकट्याने शोध लावला'. युरेनियमचा अणू फुटतो (विखंडन) आणि त्यातून ऊर्जा मिळते, ही बातमी १९३९च्या सुरुवातीला जगभर पसरली आणि त्याच वर्षी मार्चमध्ये नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतले भौतिकशास्त्रज्ञ रॉस गन यांनी ही ऊर्जा पाणबुडीसाठी वापरायचं सुचवलं. कामाला पहिले दीड हजार डॉलर मिळाले. पुढे त्याच प्रयोगशाळेतले फिलिप एबलसन यांनी १९४६मध्ये अणुशक्तीवरच्या पाणबुडीचा अहवाल लिहिला. दाबाखालच्या पाण्याने अणुभट्टी थंड ठेवायची, ही कल्पना पुढे आणण्यात भौतिकशास्त्रज्ञ ऑल्विन वाइनबर्ग यांचा मोठा वाटा होता. रिकोव्हर १९४६मध्ये ओक रिज या अणुसंशोधन केंद्रात पोचले ते शिकायला. तेव्हा ते कॅप्टन होते, पेशाने विद्युत अभियंता, आणि युद्धकाळात जहाजांच्या विद्युत सामग्रीचा विभाग त्यांनी सांभाळला होता.

मग त्यांनी केलं काय? नौदलाच्या अणुभट्ट्यांच्या कार्यक्रमाचे प्रमुख म्हणून कागदावरची कल्पना लोखंडात उतरवली. हे काम शोधापेक्षा कमी प्रतीचं आहे असं ज्याला वाटतं, त्याने झिर्कोनियमची गोष्ट ऐकावी. इंधनावर आवरण म्हणून असा धातू हवा होता, जो गरम पाण्यात गंजत नाही आणि न्यूट्रॉनही, म्हणजे अणू फोडत राहणारे कणही, गिळत नाही. झिर्कोनियम चालण्यासारखं होतं, पण निसर्गात त्याच्यासोबत हाफ्नियम मिसळलेलं असतं आणि ते न्यूट्रॉन अधाशासारखं शोषतं. दोघांचे रासायनिक गुणधर्म इतके सारखे की वेगळं करणं महाकठीण. शुद्ध झिर्कोनियम तेव्हा नमुन्यापुरतंच मिळत असे. रिकोव्हर यांच्या गटाने ते टनांनी तयार करणारा उद्योग उभा करवला. आणि बाजूला काढलेलं हाफ्नियम? तेच पुढे अणुभट्टीचा वेग आवरणाऱ्या नियंत्रण कांड्यांना वापरलं गेलं, कारण तिथे न्यूट्रॉन शोषणंच हवं असतं.

दुसरा निर्णय मला त्याहून मोठा वाटतो. प्रायोगिक अणुभट्टी ऐसपैस इमारतीत मांडायची आणि नंतर ती आवळून पाणबुडीत बसवायची, ही नेहमीची पद्धत त्यांनी नाकारली. आयडाहोच्या वाळवंटात पाण्याच्या टाकीत पाणबुडीच्या सांगाड्याचा खऱ्या मापाचा तुकडा उभा केला आणि अणुभट्टी त्यातच बसवली. जी अडचण समुद्रात येणार, ती जमिनीवरच यावी. ३० मार्च १९५३ला ती भट्टी सुरू झाली. जूनमध्ये चोवीस तासांची चाचणी संपल्यावर अभियंते थांबायला तयार होते. रिकोव्हर यांनी अटलांटिकचा नकाशा लावून, यंत्र जागच्या जागी चालवत, आयर्लंडपर्यंतचा प्रवास त्यावर पुरा करायला लावला. सुमारे चार दिवस यंत्र अखंड चाललं. १७ जानेवारी १९५५ला पहिली अणुपाणबुडी 'नॉटिलस' अणुशक्तीवर निघाली आणि पहिल्याच इंधनावर साठ हजार मैलांहून जास्त फिरली. डिझेलच्या पाणबुडीला बॅटरी भरायला हवेसाठी पुन्हापुन्हा वर यावं लागायचं, हे आठवलं की या आकड्याचं वजन कळतं.

सगळेच निर्णय अचूक नव्हते. दुसरी पाणबुडी 'सीवुल्फ' सोडियमने थंड होणाऱ्या अणुभट्टीवर बांधली. वाफेच्या भागात गळती होत राहिली आणि अखेर ती भट्टी काढून पाण्यावरची बसवावी लागली.

'ज्यू म्हणून हाकललं'. नौदलात ज्यूद्वेष होता, यात शंका नाही. १९२२मध्ये रिकोव्हर नौदल अकादमीतून पदवीधर झाले, त्याच तुकडीतल्या लिओनार्ड कॅप्लन या ज्यू विद्यार्थ्याचं पान वार्षिकांकात छिद्रं पाडून असं छापलं होतं की ते सहज फाडून टाकता यावं. हे वाचताना आजही पोटात कालवतं. पण रिकोव्हर यांची १९५१ आणि १९५२मध्ये बढती अडली त्याला त्यांचा तुसडेपणा, वरिष्ठांशी भांडणं आणि रूढ मार्ग धाब्यावर बसवणं हीही कारणं होती. त्यातलं कुठलं किती, हे एका ओळीत ठरवता येत नाही. आणि हाकललं तर मुळीच नाही. काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सदस्यांनी आवाज उठवला, १९५३मध्ये ते रिअर अॅडमिरल झाले, १९७३मध्ये पूर्ण अॅडमिरल, आणि निवृत्तीचं वय उलटल्यावरही मुदतवाढी मिळत १९८२पर्यंत सेवेत राहिले.

'एकही पाणबुडी बुडाली नाही'. या वाक्याचा मला राग येतो, कारण त्यात मेलेली माणसं पुसली जातात. १० एप्रिल १९६३ला 'थ्रेशर' ही अमेरिकी अणुपाणबुडी खोल बुडीच्या चाचणीत बुडाली, १२९ जण घेऊन. १९६८मध्ये 'स्कॉर्पियन' गेली, ९९ जणांसह. 'थ्रेशर'च्या चौकशीतला संभाव्य निष्कर्ष असा, की समुद्राच्या पाण्याच्या नळाचा झाळलेला सांधा फुटला, पाणी विद्युत यंत्रणेवर उडालं आणि अणुभट्टी आपोआप बंद पडली. वर येण्यासाठी टाक्यांतलं पाणी हवेच्या दाबाने बाहेर काढायला गेले तर हवेच्या नळांत बर्फ साचला. म्हणजे भट्टी फुटली नाही, पण नेमकी गरज होती तेव्हा ढकलशक्ती उरली नाही. भट्टी लवकर पुन्हा सुरू करायची कार्यपद्धती त्यानंतर बदलली गेली. रिकोव्हर यांच्या नावावर खरा विक्रम आहे तो निराळा: त्यांच्या कार्यक्रमातल्या अणुभट्ट्यांमधून किरणोत्सर्ग बाहेर पडून हानी झाली असा अपघात झाला नाही. त्याच काळात, १९६१मध्ये, सोव्हिएत अणुपाणबुडी 'के-१९'ची भट्टी बिघडून तिचे खलाशी किरणोत्सर्गाने मेले, हे पाहिलं की हा विक्रम पुरेसा मोठा ठरतो.

तो कसा साधला? कार्यालयात टाइप होणाऱ्या प्रत्येक पत्राची गुलाबी प्रत रोज त्यांच्या टेबलावर जायची. अधिकाऱ्यांची निवड ते स्वतः मुलाखत घेऊन करत. नव्या पाणबुडीच्या पहिल्या समुद्रचाचणीला जवळपास प्रत्येक वेळी स्वतः आत बसत.

आणि ते निष्कलंकही नव्हते. जनरल डायनॅमिक्स या पाणबुड्या बांधणाऱ्या कंपनीकडून वर्षानुवर्षं भेटवस्तू घेतल्याबद्दल १९८५मध्ये नौदल सचिवांनी त्यांना लेखी ठपका दिला. भेटींमुळे आपल्या निर्णयांवर परिणाम झाला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच कंपनीला त्यांनी अनेकदा धारेवर धरलं होतं, हेही खरं. पण घ्यायला नको होत्या.

राहिला 'पश्चात्ताप'. २८ जानेवारी १९८२ला, निवृत्तीच्या तीन दिवस आधी, त्यांनी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली. किरणोत्सर्ग निर्माण होत असेल तर अणुऊर्जा त्या मोलाची नाही, असं ते म्हणाले. अणुशक्तीवरची जहाजं ही अटळ वाईट गोष्ट आहे, आपल्या हातात असतं तर सगळी बुडवली असती, हेही म्हणाले. फिरणारा मजकूर इथेच थांबतो. साक्ष पुढे आहे: आपल्या वाट्याचा अभिमान वाटत नाही, पण देशाच्या सुरक्षिततेसाठी ते करणं भाग होतं, आणि म्हणूनच युद्धाचा हा सगळा मूर्खपणा थांबावा असं आपल्याला वाटतं.