एकाच सप्लायरचे सगळे टॉवेल वर का नकोत: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

ठोक मालाच्या वेबसाइटवर शोध घेतला की पहिल्या पानावर एकाच सप्लायरचा माल भरू नये, असं माझं म्हणणं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ज्यानं लिस्टिंग (वेबसाइटवरची मालाची नोंद) नीट भरलं, ज्याचा माल शोधाशी जुळतो, त्याला केवळ इतरांना जागा द्यायची म्हणून खाली ढकलणं हा अन्याय आहे. त्यातून पहिल्या पानावर कचरा येतो. आणि ठोक ग्राहकाला दहा सप्लायर नको असतात, भरवशाचा एक हवा असतो. कचऱ्याचा मुद्दा अर्धा बरोबर आहे, त्यावर जास्त लिहितो.

आधी ‘जुळतो’ म्हणजे काय ते पाहू. ‘सोलापुरी टर्किश टॉवेल ३०×६०’ असा शोध आला की बीएम२५ हे जुळणीचा स्कोअर काढणारं सूत्र शीर्षकातले आणि वर्णनातले शब्द मोजतं. टॉवेलचा पोत त्याला दिसत नाही. एका सप्लायरनं १४ रंगांची १४ लिस्टिंग केली, सगळ्यांना तेच शीर्षक आणि तेच वर्णन दिलं, तर चौदांचे स्कोअर जवळजवळ सारखे येतात आणि सगळी ओळीनं उभी राहतात. हा दर्जाचा विजय नाही, एकच माल चौदा वेळा मोजला गेलाय.

म्हणून सप्लायरला हात लावण्याआधी रंग एका मूळ प्रॉडक्टखाली गोळा करा. इलॅस्टिकसर्च या शोधाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी कोलॅप्स (गटातलं एकच दाखवणं) वापरता येतं. ज्या फील्डवर (नोंदीतल्या रकान्यावर) गट करायचा ते कीवर्ड प्रकारचं किंवा अंकी हवं आणि प्रत्येक लिस्टिंगसाठी त्यात एकच व्हॅल्यू हवी. प्रत्येक गटातलं सर्वांत जास्त स्कोअरचं लिस्टिंग पुढे येतं, त्यामुळे ‘मरून’ टाइप केलं आणि रंग मजकुरात असेल तर मरूनचाच फोटो दिसतो. एक खोड मात्र आहे: एकूण रिझल्टचा आकडा कोलॅप्सच्या आधीचाच येतो. वर ‘३४०’ दिसतं आणि ग्राहक चौथ्या पानावर रिकाम्या जागी पोचतो. गटांची संख्या कार्डिनॅलिटी ॲग्रिगेशननं (वेगवेगळ्या व्हॅल्यू मोजणाऱ्या सोयीनं) वेगळी काढा, ती अंदाजे असते पण चालते. सोलर क्लाउड (Solr, शोधाचं दुसरं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर एका मूळ प्रॉडक्टचे सगळे रंग एकाच शार्डवर, म्हणजे डेटाच्या एकाच तुकड्यात, असले पाहिजेत, नाहीतर गट फुटतात.

आता सप्लायर. ‘एकाचे दोनच दाखवा’ असा कडक कोटा लावला तर कचरा येतो, हे तुमचं म्हणणं खरं. पण कोटा हा एकमेव मार्ग नाही. एका सप्लायरची जितकी लिस्टिंग आधी वर येऊन गेली, तितक्या वेळा त्याच्या पुढच्या लिस्टिंगचा स्कोअर ०.९ नं गुणायचा आणि दर जागेसाठी उरलेल्यांतलं सर्वांत मोठं उचलायचं. समजा ‘अ’चे स्कोअर १०, ९.८, ९.७, ‘ब’चा ८.६, ‘क’चा ८, आणि ‘ड’चा एक हातरुमाल ४. पहिला ‘अ’च, १० वर. मग ‘अ’चा दुसरा ८.८२, तोही ‘ब’च्या पुढे. तिसरा मात्र ९.७ × ०.८१ म्हणजे ७.८६, म्हणून आधी ‘ब’, मग ‘क’, मग तो. हातरुमाल तळालाच. कडक कोट्यात दोनची मर्यादा असती तर तो ‘अ’च्या तिसऱ्या टॉवेलच्या वर बसला असता. आणि पहिल्या क्रमांकाला तर कुणी हातच लावला नाही, त्यामुळे अन्याय नेमका कुठे झाला?

हे बिघडतं ते दुसरीकडेच. मशीन लर्निंगच्या मॉडेलचा स्कोअर उणे असू शकतो. −२ ला ०.९ नं गुणलं की −१.८, म्हणजे शिक्षेऐवजी बढती! आधी सिग्मॉइड (कोणताही आकडा ० ते १ मध्ये आणणारं सूत्र) लावून स्कोअर धन करा. दुसरी चूक म्हणजे प्रत्येक पान वेगळं मांडणं: पान २ वर मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते आणि तोच सप्लायर परत डोक्यावर बसतो. वरचे २०० एकदाच मांडा, ती यादी कॅशमध्ये (cache, तात्पुरत्या साठ्यात) ठेवा आणि त्यातून पानं कापा. स्टॉक संपलेला माल मांडणीच्या आधीच गाळा. नाहीतर विविधतेच्या नावाखाली मेलेली लिस्टिंग वर येतात. लहान सप्लायर उशिरा पाठवतात ही तुमची तक्रार असेल तर वेळेवर पाठवणीचं प्रमाण मूळ स्कोअरमध्येच घ्या, ते इथे घुसडू नका.

सप्लायर ओळखायचा कसा? फर्मच्या नावावरून नकोच. जीएसटी क्रमांकाच्या १५ अक्षरांपैकी तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतचा भाग पॅन असतो, त्यावर गट करा. भावाभावांच्या फर्मचे पॅन वेगळे असतात, तिथे बँक खातं आणि मोबाइल जुळवा. पत्ता किंवा पिनकोड कधीच वापरू नका. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतले सगळे कारखानदार एकाच गटात जातील!

आता ठोक ग्राहक. त्याचा सप्लायर ठरला असेल तर तो नाव टाकून शोधतो किंवा फिल्टर लावतो. तिथे ही मांडणी बंद ठेवायची. किमतीनुसार क्रम मागितला तरी बंद. पण जो नुसतं ‘टॉवेल’ टाइप करतो त्याचं अजून काही ठरलेलं नाही. लग्नाच्या आहेरात टोपीसोबत द्यायला डझनावारी पातळ टॉवेल हवाय, की लॉजसाठी ५०० जीएसएमचा (चौरस मीटरला ५०० ग्रॅम वजनाचा) पांढरा? इथे सप्लायर बदलून भागत नाही, कारण वेगवेगळे सप्लायरही आहेराचाच माल दाखवतील. कार्बोनेल आणि गोल्डस्टाइन या संशोधकांची १९९८ मधली एमएमआर (मॅक्सिमल मार्जिनल रेलेव्हन्स) पद्धत इथे लागते: जुळणीच्या गुणांतून, आधी निवडलेल्या मालाशी असलेलं सर्वाधिक साम्य ठरावीक वजनानं वजा करायचं. साम्य वजन, माप आणि किमतीच्या पट्ट्यावरून काढा, फोटोवरून नको. ही वजाबाकी असल्यानं दोन्ही आकडे ० ते १ मध्ये आणावेच लागतात, बीएम२५ ला सगळ्या शोधांसाठी ठरावीक अशी वरची मर्यादा नसते.

०.९ कुठून आणला, असं तुम्ही शेवटी विचारलंय. तो सुरुवातीचा आकडा आहे. सर्वाधिक येणारे ५० शोध काढा, ०.८५, ०.९ आणि ०.९५ च्या याद्या शेजारी ठेवा आणि टॉवेल कळणाऱ्या माणसाला दाखवा. मग ग्राहकांचे दोन गट करून चौकशी किती येते ते मोजा. नुसत्या क्लिकवर जाऊ नका, वरच्या जागेला क्लिक मिळतातच.