ऑल-व्हील-ड्राइव्हचे तेल: ‘हात लावू नका’ या सल्ल्याचा प्रतिवाद

ऑल-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी बाळगणाऱ्यांमध्ये एक सल्ला मोठ्या विश्वासाने पुढे पाठवला जातो. त्याचा गोषवारा असा: इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेतले तेल कारखान्यातच आयुष्यभरासाठी भरलेले असते, म्हणून ते बदलू नये, जुन्या गाडीत ते बदलले तर धडधाकट गिअरबॉक्सही बसतो (निकामी होतो), बदलायचेच झाले तर कोणतेही चांगले, जाड गिअर ऑइल चालते, आणि लिफ्ट असलेल्या गॅरेजखेरीज हे काम होतच नाही. या चारही विधानांत सत्याचा थोडाफार अंश आहे आणि म्हणूनच हा सल्ला टिकून आहे. मात्र त्यामागचे गृहीत चुकीचे आहे. गाडीखाली एकच यंत्रणा आहे आणि तिच्यात एकच तेल आहे, असे तो धरून चालतो.

प्रत्यक्षात गिअरबॉक्स, वळताना डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे पुढचे डिफरन्शियल, ताकद मागे वळवणारी ट्रान्स्फर केस, मागची चाके हवी तेव्हा जोडणारे क्लच-प्लेट्सचे कपलिंग आणि मागचे डिफरन्शियल असे अनेक कप्पे असतात. कोणते दोन कप्पे एकाच तेलावर चालतात आणि कोणते वेगळे, हे गाडीगणिक बदलते. सुबारूच्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये गिअर आणि पुढचे डिफरन्शियल एकाच तेलात फिरतात. त्याच कंपनीच्या ऑटोमॅटिक गाड्यांत मात्र पुढच्या डिफरन्शियलचे तेल वेगळे असते. हॅलडेक्स या नावाचे, मागची चाके जोडणारे असेच एक कपलिंग मागच्या डिफरन्शियलला चिकटून बसवलेले असते, तरी दोघांची तेले वेगळी असतात आणि ती भरण्या-काढण्याचे बोल्टही वेगळे असतात. त्यामुळे ‘तेल बदलावे की नाही’ हा प्रश्न मुळात कप्प्याकप्प्याने विचारावा लागतो.

आता पहिले विधान. या कप्प्यांतले तेल इंजिन ऑइलपेक्षा पुष्कळ जास्त टिकते, हे खरे आहे. त्यात काजळी मिसळत नाही, न जळलेले इंधन उतरत नाही. सिलिकॉन द्रव भरून कायमचे बंद केलेले विस्कस कपलिंग तर उघडण्यासाठी बनवलेलेच नसते, आणि तेवढ्यापुरता हा सल्ला पूर्णपणे बरोबर आहे. पण आडव्या इंजिनाच्या गाडीतली ट्रान्स्फर केस पाहा. तिच्यात तेल बहुतेकदा एक लिटरहूनही कमी असते, तिच्या शेजारून तापलेला एक्झॉस्ट गेलेला असतो आणि आत हायपॉइड (तिरक्या, वळणदार दात्यांच्या) गिअरचे दाते एकमेकांवर घासत, सरकत फिरत असतात. तापमान दर १० अंश सेल्सियसने वाढले की तेलाच्या ऑक्सिडेशनचा वेग साधारण दुप्पट होतो, हा वंगणशास्त्रातला ढोबळ पण उपयोगी नियम आहे. एवढेसे तेल इतक्या उष्णतेत वर्षानुवर्षे ठेवले की ते काळे पडते, घट्ट होते आणि त्यातली दाब सोसणारी द्रव्ये खर्ची पडतात. अशा कप्प्यांवर काही गाड्यांत तेल काढण्याचा बोल्टच दिलेला नसतो, आणि मग फिलरच्या (तेल भरण्याच्या) भोकातून नळी घालून तेल ओढून काढावे लागते. पण बोल्ट नाही म्हणून तेल खराब होत नाही, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

कपलिंगची कथा आणखी वेगळी आहे. त्यातल्या क्लच-प्लेट्स झिजतात आणि त्यांची बारीक भुकटी त्याच तेलात फिरत राहते. हॅलडेक्सच्या पाचव्या पिढीत बदलता येईल असा फिल्टर नाही, पंपाच्या तोंडाशी फक्त एक बारीक जाळी आहे. ती भुकटीने भरली की पंपाला तेल पुरत नाही, पंप ताण घेतो आणि शेवटी जळतो. गाडी तरीही पुढच्या चाकांवर सुरळीत धावत राहते, त्यामुळे मालकाला अनेकदा काहीच कळत नाही. चिखलात पुढची चाके जागच्या जागी फिरू लागतात आणि मागची ढिम्म हलत नाहीत, तेव्हा ते उघड होते. या पिढीत नुसते तेल बदलणेही अपुरे आहे, कारण पंप काढून जाळी धुतली नाही तर नवे तेल जुन्या गाळातूनच ओढले जाते.

ही मते केवळ गॅरेजवाल्यांची आहेत असेही नाही. अनेक मोटार कंपन्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही कंपनी आपल्या गिअरबॉक्सचे तेल साधारण ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरांनी किंवा ८ वर्षांनी बदलावे असे सुचवते, आणि तोच गिअरबॉक्स बसवलेल्या काही गाड्यांच्या पुस्तिकेत ते तेल आयुष्यभराचे म्हटलेले असते. होंडाच्या ऑल-व्हील-ड्राइव्ह गाड्यांत देखभालीची आठवण देणाऱ्या यंत्रणेत ६ हा आकडा खास मागच्या डिफरन्शियलच्या तेलासाठी राखलेला आहे. खोल पाण्यातून गाडी नेणाऱ्यांनी तर किलोमीटर मोजतच बसू नये. तापलेले डिफरन्शियल पाण्यात अचानक थंड होते, आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा जाण्या-येण्याच्या छिद्रातून) किंवा ऑइल सीलमधून पाणी आत ओढले जाते. तेल दुधाळ दिसले की ते ताबडतोब बदलायचे, मग ते मागच्या महिन्यात का भरलेले असेना.

दुसरे विधान, म्हणजे तेल बदलल्याने गिअरबॉक्स बसतो, हे फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्सपुरते विचारात घेण्यासारखे आहे. क्लच आधीच घसरू लागला असेल तर नवे तेल त्याला वाचवत नाही, आणि तेल बदलल्यावर चार दिवसांत गाडी बंद पडली की दोष तेलावर येतो. सहसा लोक आजार वाढल्यावरच तेल बदलतात, हे त्यामागचे साधे कारण आहे. यंत्राच्या दाबाने सगळे तेल एका दमात बदलण्याबाबत सावधगिरी मला मान्य आहे. जुना गाळ हलून व्हॉल्व्हमध्ये अडकू शकतो. पण घरी केले जाते ते काम तसे नसतेच. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये बरेच तेल शिल्लक राहते, त्यामुळे बोल्ट उघडून एका वेळी, समजा, ४० टक्के तेल निघाले, तर दुसऱ्या खेपेनंतर नव्या तेलाचा वाटा ६४ टक्के आणि तिसऱ्या खेपेनंतर सुमारे ७८ टक्के होतो. इतका हळूहळू झालेला बदल धोक्याचा म्हणता येत नाही. आणि साध्या डिफरन्शियलमध्ये तर क्लचच नसतो, त्यामुळे हा आक्षेप तिथे लागूच होत नाही.

चारही विधानांपैकी सर्वांत घातक तिसरे आहे, कारण ते ऐकून माणूस कामाला लागतो आणि नुकसान करून बसतो. डिफरन्शियलच्या हायपॉइड गिअरना सहसा एपीआय या अमेरिकी संस्थेच्या श्रेणीतले जीएल-५ दर्जाचे तेल लागते. त्यात गंधक आणि फॉस्फरसची संयुगे भरपूर असतात. हेच तेल जीएल-४ मागणाऱ्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये भरले तर पितळी सिंक्रोनायझरला (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या कड्याला) त्यातले गंधक बाधू शकते, शिवाय सिंक्रोनायझरला हवे असलेले घर्षण न मिळाल्याने गिअर पडताना खरखर होते. उलट, जीएल-४ तेल डिफरन्शियलमध्ये भरले तर दात्यांना पुरेसे संरक्षण मिळत नाही. होंडाच्या मागच्या डिफरन्शियलमध्ये क्लच-प्लेट्स त्याच तेलात बुडालेल्या असतात आणि त्यासाठी कंपनीचे ड्युअल पंप हे खास तेल ठरलेले आहे. त्याऐवजी नेहमीचे गिअर ऑइल भरले की आवळून वळताना मागून घरघर आणि थरथर सुरू होते. क्लच-प्लेट्सच्या लिमिटेड-स्लिप (एकच चाक घसरत फिरू न देणाऱ्या) डिफरन्शियललाही घर्षण नेमके राखणारे द्रव्य तेलात असावे लागते.

‘जाड तेल बरे’ ही समजूत आकड्यांच्या घोटाळ्यातून आलेली दिसते. गिअर ऑइलचे ७५डब्ल्यू-९० आणि इंजिन ऑइलचे १०डब्ल्यू-४० यांची मोजपट्टीच वेगळी आहे. १०० अंश सेल्सियसला गिअर ऑइलच्या ९० या श्रेणीची विष्यंदिता (दाटपणा) १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक (दाटपणाचे एकक) असते, तर इंजिन ऑइलच्या ४० या श्रेणीची १२.५ ते १६.३, म्हणजे दोन्ही तेले जवळपास सारखीच पातळ असतात. ९० हा आकडा मोठा दिसतो म्हणून ते दुप्पट जाड ठरत नाही, आणि ७५डब्ल्यू-९० च्या जागी त्याहून जाड तेल भरल्याने थंडीत प्रवाह मंदावण्यापलीकडे सहसा काही हाती लागत नाही.

राहिले घरी करण्याचे. लिफ्ट असली तर सोय होते, एवढेच. खरी अट अशी की गाडी उंच उचललेली असावी आणि पाणसळीत असावी, कारण बहुतेक कप्प्यांत तेलाची पातळी फिलरच्या भोकाच्या खालच्या कडेवरून ठरते. फक्त मागची बाजू उचलली तर ही पातळी चुकते. म्हणून चार भक्कम स्टँड लागतात, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचे नाही. ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये आणखी एक पथ्य आहे: दोन चाके जमिनीवर असताना इंजिन चालू करून गिअर टाकू नये, गाडी स्टँडवरून उडी मारू शकते.

कामाचा क्रम ठरलेला आहे. आधी फिलरचा बोल्ट सैल करून पाहायचा आणि तो सुटला तरच ड्रेनचा (तेल काढण्याचा) बोल्ट उघडायचा. तेल काढून झाल्यावर फिलरचा बोल्ट गंजून जाम झालेला आढळला, तर ना गाडी चालवता येते ना तेल भरता येते. ऑटोमॅटिक सुबारूखाली बोल्ट ओळखताना विशेष काळजी घ्यावी. इंजिनाचे समजून गिअरबॉक्सचे तेल काढले आणि मग भरलेल्या इंजिनातच आणखी तेल ओतले, असे तिथे होत आले आहे. ड्रेनच्या बोल्टावर चुंबक असतो. त्यावरचा राखाडी, बोटावर लोण्यासारखा पसरणारा लेप ही नेहमीची झीज असते. नखाला टोचणारे तुकडे किंवा दात्याची कपची मिळाली तर नवे तेल भरून उपयोग नाही, डिफरन्शियल उघडावे लागेल. वॉशर नवा घालावा आणि बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या ठरलेल्या जोरानेच) आवळावा, कारण घरी केलेल्या कामात ॲल्युमिनियमच्या आवरणातले आटे जातात ते सहसा जास्तीच्या जोराने.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये पातळी ठरावीक तापमानाला, इंजिन चालू ठेवून तपासावी लागते. ते तापमान वाचणारे उपकरण हाताशी नसेल तर तो एक कप्पा गॅरेजला द्यावा. ट्रान्स्फर केस आणि मागचे डिफरन्शियल मात्र हातपंप, टॉर्क रेंच आणि सुटीची एक सकाळ असेल तर घरी नीट होतात. जुने तेल झाकणाच्या डब्यात भरून वापरलेले तेल स्वीकारणाऱ्या केंद्रावर द्यावे, आणि थोडी गाडी चालवून झाल्यावर दुसऱ्या दिवशी दोन्ही बोल्टांभोवती कोरडा कागद फिरवून ओल आहे का ते पाहावे.