‘जुन्या पेशंटला उंबऱ्याबाहेर ठेवा’: कुणी लिहिलंय हे?

गेल्या मंगळवारी मामींचा मेसेज आला. वर ‘खूप महत्त्वाचं, सगळ्यांना पाठवा’ असं लिहिलेला लांबलचक फॉरवर्ड, आणि खाली त्यांनी स्वतः टाइप केलेली एक ओळ: ‘राग मानू नकोस बाळा, पण थोडे दिवस येऊ नकोस.’

मामींच्या नातवाला, म्हणजे माझ्या मामेभावाच्या मुलाला, महिन्यापूर्वी ल्युकेमिया, म्हणजे ब्लड कॅन्सर, निघाला. पोरगं १९ वर्षांचं, कराडला इंजिनीअरिंगला. आणि मी २०१२ पासूनचा ल्युकेमियाचा पेशंट. म्हणजे फॉरवर्डमध्ये ज्याला घरात घेऊ नका म्हटलंय, तो इसम मीच.

ज्यांच्या ग्रुपवर हे अजून पोचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ब्लड कॅन्सरच्या नव्या पेशंटला जुन्या पेशंटशी भेटू-बोलू देऊ नये. का? तर त्यांच्या सहवासानं आजार बळावतो. त्यांच्या कहाण्या ऐकून मन खचतं आणि मन खचलं की काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, पडतात. ते औषध कंपन्यांचे एजंट असतात. साध्या तापाचा बाऊ करून हॉस्पिटलात पळायला लावतात, खरं तर ताप म्हणजे शरीर विष बाहेर टाकतंय. त्यापेक्षा पपईच्या पानांचा नि गुळवेलीचा रस द्या, आणि पेशंटला आजाराचं नाव कळू देऊ नका. शेवटी ‘एका मोठ्या डॉक्टरांकडून’. डॉक्टरांना नाव नाही, गाव नाही.

तापापासूनच सुरू करतो, कारण बाकी सगळा मूर्खपणा आहे पण हे वाक्य माणूस मारू शकतं.

केमो चालू असताना पांढऱ्या पेशी खाली जातात. त्यातल्या जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल एका मायक्रोलिटर रक्तात ५००च्या खाली गेल्या, की किल्ल्यावर शिबंदीच उरत नाही. जंतू आत शिरले तरी पू होत नाही, सूज दिसत नाही, छातीत कफही भरत नाही, कारण हे सगळं करणाऱ्या पेशीच नसतात. पुष्कळदा ताप ही एकच खूण असते. आणि किती ताप? एकदा १०१ भरला किंवा तासभर १००.४ राहिला, तरी पुरे. आपल्या घरात एवढ्या तापाला ‘जरा कणकण आहे’ म्हणतात नि आल्याचा चहा देतात. इथं मात्र त्याच पावली हॉस्पिटल गाठायचं, रक्ताचं कल्चर, म्हणजे जंतू शोधायची तपासणी, पाठवायचं आणि शिरेतून अँटिबायोटिक सुरू करायचं. डॉक्टरांना न विचारता पॅरासिटामॉल द्यायची नाही, कारण ताप झाकला जातो आणि आतलं काम चालूच राहतं. ‘सकाळी बघू’ म्हणेपर्यंत बीपी ढासळू शकतं.

हे डॉक्टर सांगत नाहीत का? सांगतात. छापील कागदही देतात. पण त्या दिवशी घरच्यांच्या कानात ‘कॅन्सर’ या एका शब्दापलीकडे काही शिरलेलं नसतं. कागद फाइलमध्ये जातो, फाइल कपाटात. मग रात्री साडेअकराला पोराचं अंग तापतं आणि घरात सभा भरते. गाडी कुणाची काढायची, एवढ्या रात्री तिथं कोण असणार, उगाच दगदग नको. त्या सभेत ज्यानं हे भोगलंय असा एक आवाज लागतो, फोनवरून का होईना.

आमच्या पोराला तो आवाज मिळाला विट्याच्या एका मुलीचा. तिला हाच आजार होता. अडीच वर्षं उपचार घेऊन, मेंटेनन्सच्या, म्हणजे आजार परतू नये म्हणून घ्यायच्या, गोळ्या संपवून ती आता कॉलेजला जाते. पहिल्याच फोनवर तिनं धीर वगैरे दिला नाही. म्हणाली, थर्मामीटर उशाशी ठेव, बॅग भरून ठेव, फाइल सगळ्यात वर, आणि रात्री कुणाच्या गाडीनं जायचं ते आजच ठरव. मग म्हणे, व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या औषधानंतर जबडा दुखला तर घाबरू नकोस पण डॉक्टरांना सांग, पोट साफ होत नसेल तर लाजू नकोस, आणि स्टेरॉइडनं रात्री दोनला भूक लागेल तेव्हा आईवर चिडू नकोस, ती गोळी चिडतेय. पोरगं त्या दिवशी निदानानंतर पहिल्यांदा हसलं. असल्या फोनला फॉरवर्डवाला ‘बाऊ’ म्हणतो!

रसाबद्दल फार लिहीत नाही. पपईच्या पानांची कथा डेंग्यूवरून उचलून इकडे चिकटवलीय. ल्युकेमियात प्लेटलेट कमी होतात त्या हाडांच्या मगजात आजारी पेशींनी जागा अडवल्यामुळे, आणि नंतर केमोमुळे. पानं वाटून त्या पेशी हलत नाहीत. उलट काउंट कमी असताना कच्च्या पानांचा घरगुती रस म्हणजे जंतूंना आमंत्रण. गुळवेलीचं तर मुंबईच्याच डॉक्टरांनी २०२१मध्ये लिहिलंय, ती घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं. आमच्या पोराला पुढं मेथोट्रेक्सेट आणि मरकॅप्टोप्युरिन ही केमोची औषधं चालू होणार, दोन्ही यकृताला जड. त्यावर आणखी हे कशाला?

आता ‘मन खचलं की काउंट पडतात’. काउंट केमोनं पडतात, मामी. जगातल्या सगळ्यात आनंदी माणसाला ते औषध दिलं तरी पडतील.

पण हा मुद्दा नीट तपासला गेलाय, म्हणून सांगतो. कॅनडात २३५ बायकांवर एक अभ्यास झाला, २००१मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. सगळ्यांचा स्तनाचा कॅन्सर शरीरभर पसरलेला. काही जणी दर आठवड्याला एकत्र बसायच्या, आजाराबद्दल, भीतीबद्दल, मरणाबद्दल उघड बोलायच्या. गटातल्या मैत्रिणी एकेक करून जाताना पाहायच्या. याहून ‘नकारात्मक’ काय असणार? तरी त्या लवकर गेल्या नाहीत. गटात बसणाऱ्यांचं मध्यक आयुष्य (म्हणजे निम्म्या जणी त्याहून जास्त जगल्या) १७.९ महिने, न बसणाऱ्यांचं १७.६. आयुष्य वाढलं नाही, घटलंही नाही. मात्र मनाचा त्रास आणि वेदना कमी जाणवल्या, विशेषतः ज्या आधी जास्त खचलेल्या होत्या त्यांना. हा आजार वेगळा होता आणि गट चालवणारे प्रशिक्षित लोक होते, हे मान्य. पण बोलण्यानं पेशंट मरतो असं म्हणणाऱ्यानं निदान एवढं तरी काही दाखवावं. आणि जे लोक ‘सपोर्ट ग्रुपमुळे कॅन्सर बरा होतो’ म्हणतात, त्यांनीही हाच आकडा वाचावा.

एजंट? इथं मला थोडं गिळावं लागतं. मी ज्या गोळीवर जगतोय ती इमॅटिनिब. मूळ कंपनी नोव्हार्टिस, गोळीचं नाव ग्लिव्हेक. गरीब पेशंटना ती फुकट देण्याचा कंपनीचा कार्यक्रम भारतात मॅक्स फाउंडेशनमार्फत चालला आणि त्याच्याच आसऱ्यानं ‘फ्रेंड्स ऑफ मॅक्स’ हा पेशंटांचा गट वाढला. म्हणजे कंपनीचा संबंध नव्हताच असं मी म्हणणार नाही, आणि कुणी जुना पेशंट ठरावीक दुकानातून ठरावीक पावडर घ्यायला सांगू लागला तर फोन ठेवून द्या. पण दुसरी बाजूही ऐका. याच गोळीच्या पेटंटला विरोध करायला कोण उभं राहिलं? औषधं बनवणाऱ्या देशी कंपन्या, आणि त्यांच्याबरोबर मुंबईची ‘कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन’. १ एप्रिल २०१३ला सुप्रीम कोर्टात नोव्हार्टिस हरली. तेव्हा मूळ गोळीचा महिन्याचा खर्च सव्वा लाखाच्या घरात सांगितला जायचा, देशी गोळीचा ८ ते १० हजार. मी त्या देशी गोळीवर आहे. पेशंटांची संघटना कंपनीविरुद्ध दिल्लीपर्यंत गेली, आणि हे म्हणतात एजंट.

फॉरवर्डमध्ये जो मुद्दा असायला हवा होता तो नेमका नाहीये, म्हणून मीच माझ्याविरुद्ध मांडतो. प्रत्येक जुना पेशंट प्रत्येक नव्या पेशंटच्या कामाचा नसतो. माझा क्रॉनिक मायलॉइड प्रकार, हळूहळू वाढणारा; पोराचा अक्यूट लिम्फोब्लास्टिक, झपाट्यानं वाढणारा. नाव एक, संसार वेगळे. निदान झालं त्या आठवड्यात मी शहाण्यासारखा जाऊन त्याला सांगितलं, ‘अरे काही नाही रे, रोज एक गोळी आणि बँकेत कामावर जातो मी.’ दोन दिवसांनी त्याला कण्यातून इंजेक्शन दिलं, चार दिवसांनी उलट्या, मग केस. त्यानं मला विचारलं, ‘काका, मला गोळी का नाही?’ काय सांगणार? त्यानंतर मी विट्याच्या मुलीला शोधलं. मलाही २०१२मध्ये माझ्याच प्रकारचा माणूस भेटला होता, एसटीचा कंडक्टर, ओपीडीच्या बाकावर. डोळ्यांभोवती सूज येते म्हणून मी गोळी सोडायच्या बेतात होतो. तो म्हणाला, ‘साहेब, माझेही डोळे बघा. सूज चालंल, गोळी सोडू नका. जेवून घ्या, वर तांब्याभर पाणी प्या, आणि आत डॉक्टरांना सांगा.’ त्याचा मोडलेला तिकीटपंच अजून डोळ्यांसमोर आहे, सवयीनं खिशात घेऊन फिरायचा.

सहवासानं ल्युकेमिया बळावत नाही, लागतही नाही. संपलं. आणि आजाराचं नाव लपवायचं म्हणाल तर, १९ वर्षांच्या पोराच्या हातात फोन आहे आणि वॉर्डच्या दारावर पाटी.

मामींना हे सगळं नाही लिहिलं. एवढंच कळवलं: ‘मामी, या आठवड्यात मी येत नाही. मेसेजमुळे नाही, मला सर्दी झालीय आणि त्याचे काउंट कमी आहेत. शेजारचे काका खोकत येत असतील तर त्यांनाही दारातूनच परत पाठवा. विट्याच्या मुलीचा नंबर तुमच्याही फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.’

दहा मिनिटांनी उत्तर आलं: ‘केला. तू औषध घेतलंस का सर्दीचं? गुळवेल देऊ?’