‘मागच्या वर्षीप्रमाणेच’वर टिक करण्याआधी

ऑफिसात वर्षातून एकदा आरोग्य विम्याच्या रिन्यूअलचा ईमेल येतो. सोबत भलंमोठं पीडीएफ, मुदत जेमतेम आठवड्याची. कितीतरी वर्षं मी फक्त पगारातून किती कापणार तेवढं बघायचे आणि ‘मागच्या वर्षीप्रमाणेच’वर टिक करून मोकळी व्हायचे.

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. हप्ता जराही वाढला नव्हता, म्हणून मी निर्धास्त होते. डिस्चार्जच्या दिवशी बिलिंग काउंटरवर कळलं, की आईवडिलांच्या क्लेमवर आता २० टक्के को-पे आहे, म्हणजे मंजूर रकमेतला तेवढा वाटा आपल्या खिशातून भरायचा. शिवाय खोलीच्या भाड्यावर मर्यादा आलेली, आणि आमच्या खोलीचं भाडं तिच्या दुप्पट. मला वाटलं, भाड्यातला फरक भरला की झालं. पण तसं नसतं! खोली मर्यादेच्या दुप्पट भाड्याची असेल तर सर्जनची फी, भूल देणाऱ्या डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्च, सगळं निम्मंच मंजूर होतं. त्यावर पुन्हा को-पे. म्हणजे सर्जनच्या फीतल्या दर १०० मागे विम्याचे मिळाले ४०. बाबा व्हीलचेअरवर ताटकळत होते आणि मी भावाला फोन करून पैसे मागत होते.

नंतर ते पीडीएफ उघडलं. दोन्ही बदल लिहिलेले होते, पार शेवटी, बारीक अक्षरांत. ईमेलमध्ये मात्र ठळक अक्षरांत होते मोफत ऑनलाइन फिटनेस क्लास.

आमच्या कंपनीची अडचण मला कळते. विमा कंपनी वर्षभराचे क्लेम प्रीमियमशी ताडून बघते आणि क्लेम जास्त झाले की दर वाढवते. मग कंपनीने ती वाढ स्वतः सोसायची, कर्मचाऱ्यांकडून घ्यायची, नाहीतर कव्हर कापायचं. कव्हर कापलं तर कोणी ओरडत नाही, कारण आजारी पडेपर्यंत ते कळतच नाही. माझा राग आहे तो यावर. काय कमी केलं ते आधी सांगा ना! एक पान, दोन रकाने: गेल्या वर्षी काय होतं, यंदा काय आहे. हप्ता वाढवला असता तर मी कुरकुरत का होईना, भरला असता. आधी कळलं असतं तर बाबांसाठी वेगळी पॉलिसी बघितली असती, निदान साधी खोली तरी घेतली असती.

मुदत गेली की सहसा वर्षभर काही बदलता येत नाही. लग्न झालं, मूल झालं तर मध्येच नाव घालता येतं, पण तेही ठरावीक दिवसांत कळवलं तरच. आमच्या टीममधल्या एकीच्या बाळाचं नाव असंच राहून गेलं. बाळंतपणाच्या धावपळीत कोणाला आठवणार?

यंदाचा ईमेल सोमवारी आलाय. दोन्ही वर्षांची पत्रकं शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचतेय. जिथे बिल विमा कंपनी परस्पर भरते, त्या कॅशलेसच्या यादीतून बाबांचं हॉस्पिटल गळलंय. एचआरला लेखी विचारलंय, सगळ्या टीमला सीसीमध्ये ठेवून. उत्तर आलं की इथेच टाकते.