धर्माच्या रकान्यात रेघ

पित्ताशयातले खडे काढून घ्यायला दवाखान्यात भरती झालो, तेव्हा पहिली कळ काउंटरवरच आली. फॉर्म भरणाऱ्या बाईंनी नाव, वय, ॲलर्जी विचारली आणि त्याच सुरात, मान वर न करता, "धर्म?" म्हणाल्या.

"रेघ मारा," मी म्हणालो. "मी मानत नाही कुठला."

बाईंनी मान वर केली. ॲलर्जीच्या वेळी केली नव्हती. "कॉम्प्युटर रेघ घेत नाही," असं म्हणून त्यांनी माझ्या आडनावाकडे पाहिलं आणि परस्पर काहीतरी टाकून दिलं. पित्ताशय काढायला माझ्या तीन सह्या घेतल्या. धर्म चिकटवायला एकही नाही.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर एक काका होते. हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, माणूस लाख. पण पहाटे पाचला त्यांचा मोबाइल भजन म्हणायला लागे, स्पीकरवर, आणि वॉर्ड "किती प्रसन्न वाटतं" म्हणत कूस बदले. मीही बदलली असती, पण माझ्या कुशीतून नळी बाहेर आलेली होती. दुसऱ्या दिवशी मी धीर केला. "काका, जरा हळू लावता का?"

"का हो? तुमचं दैवत वेगळं का?"

"मी देव मानत नाही, काका."

बस, एवढंच. आदल्या दिवशी त्यांनी "देवाच्या कृपेने निघाले हो तुमचे खडे" असं दारापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं होतं. माझा आवाज त्याच्या निम्माही नव्हता. पण पलीकडच्या चार खाटांवरचं कण्हणं थांबलं. सलाइन बदलणाऱ्या सिस्टर हळूच म्हणाल्या, "आजारपणात असं बोलू नये." म्हणजे ठणठणीत असताना बोललं तर माज, आणि आजारी असताना बोललं तर अपशकुन. मग बोलायचं कधी? डिस्चार्ज आणि बिल यांच्या मध्ये?

त्या दिवशी पडल्यापडल्या मला एक गोष्ट नीट कळली. काकांकडे आहेत त्या भावना, माझ्याकडे आहे ते नुसतं मत. भावना दुखावतात, मत खोडायचं असतं. ते बोलले की तो नमस्कार, मी बोललो की तो वाद, आणि वाद मीच उकरून काढलेला. संध्याकाळी भेटायला येणारं प्रत्येक माणूस "तुमच्यासाठीही प्रार्थना केली हं" असं सांगून जाई. मी मनापासून थँक्यू म्हणे. "मी तुमच्यासाठी काही केली नाही बरं का" असं परत म्हणायची सोय नाही, खरं असलं तरी.

वर भाषाही फितूर. टाके कधी काढणार, असं कुणी विचारलं आणि मी "देव जाणे" म्हणून गेलो, तर काकांचा चेहरा साक्षीदार फुटल्यासारखा उजळला. ड्रेसिंगच्या वेळी मात्र ते स्वतः "आई गं!" असं ओरडले. त्यावरून कुणी काही निष्कर्ष काढला नाही.

रात्री झोप येईना म्हणून मोबाइलवर समदुःखी शोधला. चार्ल्स ब्रॅडलॉ, १८८० साली नॉर्थहॅम्प्टनमधून ब्रिटिश संसदेवर निवडून आलेला उघड नास्तिक. देवाच्या नावाने शपथ घेण्याऐवजी मी साधी प्रतिज्ञा करतो, म्हणाला. सभागृह म्हणालं, चालणार नाही. बरं, मग शपथ घेतो, म्हणाला. तेही चालणार नाही, कारण तुम्ही मानतच नाही! खरं बोलायचं नाही आणि खोटंही बोलायचं नाही. एकदा तर त्याला संसदेच्या घड्याळाच्या मनोऱ्यात कोंडून ठेवलं. मतदार पुन्हा पुन्हा निवडून देत राहिले, सभागृह पुन्हा पुन्हा दार लावत राहिलं. शेवटी १८८६ मध्ये शपथ घेऊन तो आत बसला, आणि प्रतिज्ञेची मुभा देणारा कायदा त्याने १८८८ मध्ये करून घेतला. मला तर नुसता आवाज कमी करून हवा होता.

सकाळी काकांनीच विषय काढला. "म्हणजे तुम्ही नास्तिक."

भजन ऐकून डोकं उठलेलं, त्यात मी शिकवणी सुरू केली. म्हटलं, काका, जुन्या दर्शनांच्या, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या शाखांच्या, हिशेबात आस्तिक म्हणजे वेद प्रमाण मानणारा. देवाचा तिथे संबंध नाही. त्यातल्या सांख्य शाखेच्या लोकांनी जग घडवणारा ईश्वर धरलाच नाही, तरी ते आस्तिकांत बसतात. गंमत म्हणजे त्यांच्या नावाजलेल्या ग्रंथकाराचं नाव ईश्वरकृष्ण.

काकांनी एवढ्यातले दोनच शब्द उचलले. चेहऱ्यावरची काळजी सरसर उतरली. "अहो, मग आधी नाही का सांगायचं!"

संध्याकाळी मंडळी आली तेव्हा काकांनी माझी रीतसर ओळख करून दिली. "हे सांख्य आहेत. ईश्वरकृष्णांचे." सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले, नळी लावलेल्या माणसाने किती तत्त्वनिष्ठ राहायचं? एका पाहुण्यांनी आदराने विचारलं, "सांख्य म्हणजे मूळचे कुठले?" तेवढ्यात काकूंनी सवयीने काकांच्या मोबाइलवर भजन लावलं.

काकांनी झडप घालून ते बंद केलं आणि उशीखालून हेडफोन काढला. "अगं, त्यांच्यात मोठ्याने चालत नाही."