तीन पत्त्यांच्या गोंधळाबद्दल आमचं उत्तर

नमस्कार,

तुम्ही दिलेला एक तारा आणि त्याखालचा मजकूर दोन वेळा वाचला. इतर वाचकांसाठी तक्रार थोडक्यात सांगतो. मट या टर्मिनलवर चालणाऱ्या मेल प्रोग्राममध्ये तुमचे तीन पत्ते एकत्र चालावेत म्हणून सेटिंगची फाइल आम्ही लिहून दिली. तरी कामाच्या पत्त्यावर आलेल्या मेलचं उत्तर घरच्या पत्त्यावरून जातं. एका सहकाऱ्याला तुमची उत्तरं पोहोचत नाहीत, उलट तुमच्याच इनबॉक्समध्ये येऊन पडतात, आणि त्याचं खापर तुम्ही मेल सर्व्हरवर फोडलं आहे. विचारायला गेलात तेव्हा आमच्याकडून ‘मॅन्युअल वाचा’ एवढंच ऐकायला मिळालं.

शेवटचं आधी घेतो. ते उत्तर माझंच होतं, घाईत लिहिलेलं. त्याची माफी मागतो. मॅन्युअलच वाचायचं असतं तर तुम्ही आम्हाला पैसे कशाला दिले असते?

आता सर्व्हर. तो बिचारा निर्दोष आहे. काल तुमची फाइल पुन्हा उघडून पाहिली, तर तुम्ही ज्याचा दोष आम्हाला दिलाच नव्हता तीच आमची सर्वांत मोठी चूक निघाली.

‘हे सगळे पत्ते माझेच’ असं मटला सांगायला अल्टरनेट्स नावाची आज्ञा आहे. तिला आपण पत्ते देतो असं वाटतं, पण ती प्रत्यक्षात रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकूर जुळवून पाहायचा नमुना घेते, आणि तो पत्त्याच्या कुठल्याही भागाशी जुळला तरी तिला पुरतं. तुमचे खरे पत्ते इथे लिहीत नाही. समजा, तुमचा पत्ता ‘राम’ आणि सहकाऱ्याचा ‘सीताराम’, पुढचं डोमेन एकच. पत्ता इथेच सुरू होतो आणि इथेच संपतो हे सांगायला नमुन्याच्या आधी ^ आणि शेवटी $ लावतात, ते आम्ही विसरलो. सीतारामात राम आहेच! त्यामुळे मटने सहकाऱ्याचा पत्ताही तुमचाच धरला.

तिथून पुढे सगळं ओघानेच आलं. सगळ्यांना उत्तर देताना मट तुमचे स्वतःचे पत्ते यादीतून गाळतं, मीटू हा पर्याय बंद असेल तर. आणि तो मुळातच बंद असतो. म्हणून सहकारी गळाला. त्याच्या मेलला साधं उत्तर दिलंत, तर मटला वाटलं की हे पत्र तुम्हीच लिहिलेलं आहे. स्वतःच्या पत्राला उत्तर देताना मट ते मूळ पत्र ज्यांना गेलं त्यांच्याकडे पाठवतं, म्हणजे इथे तुमच्याकडेच. इनबॉक्सच्या यादीत त्याच्या मेलवर त्याच्या नावाऐवजी ‘टू’ आणि तुमचं नाव दिसत असणार. ते सॉफ्टवेअरचं विचित्र वागणं नव्हतं, आमच्या नमुन्याचा परिणाम होता. भरीला आम्ही फास्ट रिप्लाय चालू ठेवलं होतं, त्यामुळे ‘कोणाला पाठवू’ हा प्रश्न तुम्हाला विचारलाच गेला नाही. पाठवण्याआधीच्या पडद्यावर टूची ओळ असते खरी, पण ती रोज कोण वाचतं? मीही वाचत नाही.

भलत्या पत्त्यावरून उत्तर जाण्याचं कारण वेगळं आहे. अल्टरनेट्समुळे मटला तुमचे पत्ते फक्त ओळखता येतात. मेल ज्या पत्त्यावर आला त्याच पत्त्यावरून उत्तर जावं, तर रिव्हर्स नेम चालू करावं लागतं. ते आम्ही केलं होतं. पण तुमच्या जुन्या फाइलमध्ये माय-एचडीआर या मेलची शीर्षकं ठरवणाऱ्या आज्ञेने फ्रॉमचा, म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता पक्का बांधलेला होता. ती ओळ रिव्हर्स नेमलाही जुमानत नाही. ती आम्ही काढायला हवी होती. आता काढली आहे, आणि घरचा पत्ता फ्रॉम या सेटिंगमध्ये ठेवला आहे, म्हणजे दुसरा पत्ता सापडला नाही तरच तो वापरला जाईल. जाता जाता रिव्हर्स रिअलनेमही बंद केलं. ते चालू असलं की समोरच्याने तुमचं नाव जसं लिहिलं असेल तसंच तुमच्या उत्तरावर उमटतं, चुकीच्या स्पेलिंगसकट.

नव्या फाइलमधले नमुने एकेरी अवतरणात आहेत. नमुन्यात बिंदूचा अर्थ ‘कोणतंही अक्षर’ असतो; तो साधा बिंदू राहावा म्हणून त्याच्याआधी \ लावतात. दुहेरीत टाकलेत तर हा \ मधल्यामध्ये गळतो आणि बिंदू पुन्हा ‘कोणतंही अक्षर’ होऊन बसतो. पत्त्यात अधिकचं चिन्ह (+) असेल तर त्याच्याआधीही \ हवाच.

एका मुद्द्यावर मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. बीसीसीने आलेल्या मेलला योग्य पत्त्यावरून उत्तर जात नाही, ही आमची चूक नाही. अशा मेलच्या टू किंवा सीसीत तुमचा पत्ता नसतोच, मग मट तो शोधणार कुठून? त्यासाठी पाठवण्याआधीच्या पडद्यावर एस्केप आणि मग एफ दाबून फ्रॉम बदला. ज्या फोल्डरमध्ये एकाच पत्त्याचे मेल येतात त्यांना फोल्डर हुक, म्हणजे तो फोल्डर उघडला की आपोआप लागू होणारी सेटिंग, लावून दिले आहेत. पत्त्याप्रमाणे वेगळ्या सर्व्हरमधून पाठवण्याचं काम मूळ ठरलेल्या कामात नव्हतं, पण सेंड2-हुकने, म्हणजे लिहिलेल्या मेलचा पत्ता पाहून सेटिंग बदलणाऱ्या आज्ञेने, तेही करून दिलं आहे. त्याचे पैसे नकोत.

फाइल आज तुमच्याकडे पाठवली आहे. जुनीवर टाकण्याआधी जुनीची प्रत ठेवा. मग इनबॉक्समध्ये एल दाबून टिल्ड आणि मोठा पी (~P) टाका. मट ज्यांना तुमची पत्रं समजतं तेवढीच दिसतील. त्यात दुसऱ्या कोणाचं एकही पत्र दिसलं, तर कळवा. घेतलेली सगळी रक्कम परत करतो. आणि मधल्या काळातली उत्तरं त्या सहकाऱ्याला पुन्हा पाठवावी लागतील, त्यातली साधी उत्तरं तुमच्याच इनबॉक्समध्ये सापडतील.